एका सुराचा फरक

अमेरिकेत मूकपटांच्या थिएटरांत वुर्लिट्झर कंपनीचे अवाढव्य पाइप ऑर्गन असत. १९२७ नंतर बोलपटांची लाट आली आणि ऑर्गन मोडीत निघाले. तेव्हा काही हौशी मंडळींनी ते सुटे करून घरी नेले, शेकडो पाइपांसाठी वेगळ्या खोल्या बांधल्या. हे मी हिला उत्साहाने सांगितले. ही म्हणाली, "आपल्याकडे खोल्या दोन. पाइप एकच, मोरीतला. तोही गळतो!"

पण मला हवा होता आपल्या संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन. बालगंधर्वांच्या साथीला असे तो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तरुणपणी हौशी नाटकमंडळीत तो वाजवीत. मी बारावी झालो तेव्हा घरातला ऑर्गन विकून त्यांनी मला कॉमर्सला घातले. त्यात संगीताचे नुकसान झाले आणि कॉमर्सचेही. पुढे अण्णांनी साध्या पेटीलासुद्धा हात लावला नाही. विचारले तर म्हणत, "बोटं चालत नाहीत आता."

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक मेलेला ऑर्गन सापडला. महिन्याभराने दुसरा, जरा जास्त मेलेला. बँकांचे विलीनीकरण होते, मग ऑर्गनचे का होऊ नये? एकाचा भाता उंदरांनी खाल्लेला, दुसऱ्याचे पितळी सूर गेलेले. पेटीचा भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो, या ऑर्गनचा भाता ती आत ओढतो. डेबिट-क्रेडिटइतका साधा फरक. पण मी बी.कॉम. असल्यामुळे झडपा उलट्या बसवल्या. ऑर्गनने नुसता उसासा टाकला.

अखेर एकसष्ट पट्ट्यांपैकी साठ बोलल्या. मधली एक काळी मुकीच राहिली. शिवाय 'व्हॉक्स ह्यूमाना' नावाची एक खुंटी होती. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'माणसाचा आवाज'. ती ओढली की आत हवेवर एक पंखा फिरतो आणि सुराला कंप येतो. आमचा पंखा उंदरांच्याही आधी गेला होता. बँकेत एका रुपयाचा फरक राहिला तरी आम्ही घरी जात नाही. मी रात्री बारापर्यंत ती काळी शोधत बसलो. फरक सापडला नाही.

रविवारी सकाळी चहा घेताना आतून सूर आला. जाऊन बघतो तर अण्णा! पाय भात्यावर, बोटे थरथरताहेत, पण पदाची चाल सुटत नव्हती. मुकी पट्टी आली की बोट तिच्यावर ठेवायचे आणि तेवढा सूर गळ्यातून काढायचे. सूर कापत होता, पण नेमका जागेवर. पंखा नसल्याचे कळतही नव्हते.

पद संपले. अण्णा म्हणाले, "भाता जरा गळतोय रे. आणि ती एक काळी बोलत नाही."

"आत्ता काढतो दुरुस्तीला."

"असू दे. घाई नाही."

ही पदराने डोळे पुसत मला खुणेने "नको" म्हणत होती. मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला. इतक्या वर्षांच्या नोकरीत फरक तसाच ठेवून वही मिटण्याची माझी ही पहिलीच वेळ.