काटेकोरांटी

मार्गशीर्ष. राहुरीची थंडी आता बोचू लागली आहे. मोगरा गप्प, गुलाब आळसावलेला, आणि कुंपणाची काटेकोरांटी मात्र पिवळीधमक.

आमचा तालुका पर्जन्यछायेत येतो, म्हणून पाणी जपूनच. कोरांटीला ते चालतं. एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यातही ती फारसं मागत नाही. तिला खपत नाही ते साचलेलं पाणी. इथली काळी माती चिकट, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि वाळू मिसळावी. पावसाळ्यात जून फांदीची छाटकलम सहज फुटते. फुलं संपली की फाल्गुनात छाटणी करायची, हात राखून. पानांच्या बेचक्यातले काटे चांगलेच टोचतात. छाटलं नाही तर झुडूप खालून उघडं पडतं. नव्या फांद्यांवर मात्र भरभरून फुलं येतात.

वाळलेलं बोंड तडकतं आणि आतल्या दोन बिया लांब उडतात, त्यामुळे रोपं भलतीकडेच उगवतात. मी ती उपटत नाही. आयुर्वेदात हीच वज्रदंती, दातदुखीवर पानं चघळतात. नर्सरीतल्या महागड्या परदेशी झुडपांपेक्षा मला हीच हवी. या मातीत ती मुळापासून रुजलेली आहे. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्यांच्या बांधालाही चार काड्या लावून देणार आहे.