बाबासाहेबांचा मधुमेह आणि आपले पाय

दरवर्षी ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांच्या आजाराबद्दल एवढेच बोलतो की त्यांनी समाजासाठी शरीर झिजवले. ते खरेच आहे. पण आजार कोणता होता, त्याने शरीरात काय केले, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना सांगता येईल?

बाबासाहेबांना मधुमेह होता. त्यातून पायांच्या नसा दुखावल्या होत्या. संविधानाचे काम चालू असताना वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाह केलेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. तरीही महापरिनिर्वाणानंतर आपल्यातल्याच अनेकांनी त्यांच्यावर संशय घेतला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. आजार समजून न घेणारा समाज गुन्हेगार शोधत बसतो.

म्हणून आधी आजार समजून घेऊ. रक्तात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. शरीरात एक मंद दाह धुमसत राहतो. ताप नाही, सूज नाही, पण तो नसांना आतून इजा करतो. सर्वांत लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून पहिला फटका पायांना. मुंग्या येतात, तळपायाची आग होते, रात्री दुखणे वाढते. पुढे पाय बधिर होतो. चप्पल निसटली तरी कळत नाही.

खरा धोका इथेच आहे. आमच्या वस्तीत 'आता दुखायचे थांबले, बरे वाटते' असे म्हणणारी माणसे आम्ही पाहतो. दुखणे थांबले ते पाय बरा झाला म्हणून नव्हे, तर नस मेली म्हणून. मग काच रुतते, चटका बसतो, जखम चिघळते आणि बोट किंवा पाय कापावा लागतो.

हा भोग सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. कचरा उचलणारे, गटारात उतरणारे, बांधकामावर विटा वाहणारे पाय बहुतेक आपलेच आहेत. गमबूट ठेकेदार देत नाही. जखम झाली तरी रजा घेतली की रोज बुडतो. कार्यालयात बसणाऱ्याला मधुमेह झाला तर गोळी वाढते. सफाई कामगाराला झाला तर पाय जातो आणि पायाबरोबर घराची मिळकत जाते. हा निव्वळ नशिबाचा प्रश्न आहे असे आम्ही मानत नाही.

बाबासाहेबांच्या काळी घरी साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणीही नव्हती. आज दोन्ही आहेत. मग १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात बोटाला सुई टोचून आकडा सांगितला की काम संपले, असे का? चप्पल काढून पायही तपासायला हवेत. त्यासाठी १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा एक धागा पुरतो. तळव्याला टेकवल्यावर तो जाणवला नाही तर पाय धोक्यात आहे.

घरीही रोज रात्री तळपाय पाहावेत, दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा मुलांना पाहायला सांगावे. अनवाणी फिरू नये. बधिर पाय शेकू नयेत. मिश्री, तंबाखू, बिडी सोडावी. मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षे चालू असेल तर बी-१२ तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. ते कमी झाले तरी पाय बधिर होतात. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावात चप्पल घालून फिरण्याचीही चोरी होती, त्यांनी मऊ तळाची एमसीआर चप्पल हक्क म्हणून मागावी. नगरपालिकेने ती सफाई कामगारांतल्या मधुमेहींना मोफत द्यावी, ठेक्यावरच्या कामगारांनाही. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि वस्तीतल्या प्रत्येक मधुमेही माणसाचे पाय तपासून घ्या. यादी बनवा, तीच घेऊन नगरपालिकेत जा.

जय भीम!