तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे

आयुष्यात मला 'सर' म्हणणारी पहिली व्यक्ती कोण, असे कोणी विचारले तर मला तिचे नाव सांगता येणार नाही. ती एका दुकानाच्या ग्राहक-सेवा केंद्रात फोन घेणारी मुलगी होती आणि आमच्या रवळनाथाच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून मी तिच्यावर मनसोक्त ओरडत होतो. तिसरीच पायरी का, तर आमच्या वाडीत मोबाइलला रेंज तेवढ्या एकाच पायरीवर येते. देव गाभाऱ्यात, रेंज पायरीवर. दोघांचीही कृपा केव्हा होईल याचा नेम नाही.

पण गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

माझी आजी दर वर्षी जांभळांचा शिरका घालते. मे संपता संपता परसातले जांभूळ काळे पडू लागते. मग ती फळे हाताने कुस्करायची, त्यात गुळाचे पाणी घालायचे आणि चिनीमातीच्या बरणीत झाकून ठेवायचे. फळाच्या सालीवरच यीस्ट असते, ते साखर खाते आणि बरणी आतल्या आत फसफसू लागते. पुढे रस गाळून तोंडाला फडके बांधायचे. आता हवेतले जिवाणू कामाला लागतात आणि रस आंबट होत जातो. (वाचकांनी भुवया उंचावू नयेत. शिरका होण्याआधी रसाला दारूच्या गावावरून जावे लागते हे शास्त्र आहे. आजी तिथे मुक्काम करत नाही.) या सगळ्या कारभारात आजीजवळ घड्याळ नाही, माप नाही. बरणीवर वाकायचे, डोळे मिटून वास घ्यायचा आणि 'अजून चार दीस' असा निकाल द्यायचा. न्यायाधीशाने द्यावा तसा, आणि त्यावर अपील नाही.

2021 साली आजीला करोना झाला. त्यातून ती उठली, पण वास गेला तो गेलाच. उदबत्ती नाही, ओला मासा नाही, काही नाही. 2023 सालचा शिरका त्यामुळे बिघडला. वर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती आणि सगळ्या घराला तो कुबट वास येत होता, फक्त आजीला येत नव्हता. मी बरणी परसात नेऊन ओतली. ती मागच्या दारात उभी होती. काही बोलली नाही. पण मार्च महिन्यातच म्हणाली, "औंदा शिरको नको घालूया."

ते 'नको' मला सहन झाले नाही. वाचनालयात पुस्तकांवर चिठ्ठ्या डकवून 'कमवा व शिका' योजनेत मिळवलेले पैसे हाताशी होते. मी मोबाइलवर शोधाशोध केली. घरच्या घरी फळांचा रस आंबवणाऱ्यांसाठी सामान विकणारे एक दुकान सापडले. हायड्रोमीटर 520 रुपये, एअरलॉक दोन नग 180, यीस्टचे पाकीट 240, पीएचच्या पट्ट्या 210, टपालखर्च 150. एकूण 1300. हायड्रोमीटर म्हणजे काचेची एक तरंगती नळी. साध्या पाण्यात ती 1.000 दाखवते, गोड रसात उंच तरंगते आणि साखर संपत गेली की खाली बसत जाते. पट्टी रसात बुडवली की रंगावरून आंबटपणा कळतो. मी आजीला सांगितले, "हे तुझं नवं नाक." तिला ते पटले असे नाही, पण ती हसली. 27 मे 2024 रोजी मी पैसे भरले. पाच दिवसांत माल घरपोच, असे वचन होते.

त्या पाच दिवसांचे काय झाले ते मोबाइलवर दिसत होते, म्हणजे तिसऱ्या पायरीवर दिसत होते. पार्सल बेंगळुरूहून निघाले, कोल्हापुरात आले, घाट उतरून कणकवलीला पोचले. मी धन्य झालो. 4 जूनला सकाळपासून पडवीत खुर्ची टाकून बसलो. जेवणही पडवीतच केले. संध्याकाळी पायरीवर गेलो तर निरोप होता : 'दुपारी 2.15 वाजता वाटपाचा प्रयत्न केला. ग्राहक उपलब्ध नाही.' म्हणजे मी नव्हतो! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. स्वतःच्या अस्तित्वाविषयी शंका यावी असे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकले होते, पण त्याचा लेखी पुरावा पहिल्यांदाच मिळाला. तीन प्रयत्न संपले आणि पार्सल उलट पावली घाट चढू लागले.

इथे एक आडगोष्ट सांगतो. आपला सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला आणि तो ज्यांनी रचला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, शेवटचे तीन आपले टपाल कार्यालय सांगतात. कलाशाखेच्या माणसाने केवढे काम करून ठेवले, असा मला अभिमान वाटत असे. पण सहा आकड्यांनी गावापर्यंत आणले तरी पुढची चढणीची दीड किलोमीटर लाल पायवाट कुणीतरी पायांनीच तुडवावी लागते. त्या कुरिअरवाल्या पोराला दिवसाला किती पार्सले वाटावी लागत असतील, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

मी दुकानाच्या यंत्र-मदतनिसाला लिहिले : 'माझे पार्सल परत चालले आहे, ते थांबवा.' तात्काळ उत्तर आले : 'आपल्याला पार्सल परत करायचे आहे तर! कृपया कारण निवडा.' कारणे चार होती. त्यांत माझे नव्हते. 'इतर' दाबल्यावर संभाषण पहिल्यापासून सुरू झाले. मग फोन. 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य आणि सतारीचा एकच तुकडा मी बावीस मिनिटे ऐकला. दरवेळी नवा आवाज, दरवेळी नवा तक्रार क्रमांक, दरवेळी '24 ते 48 तासांत'. एकदा तर 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा संदेश आला. मी धावत घरी गेलो. दारात कोंबडी होती.

इकडे जांभूळ कुणासाठी थांबत नाही. परसात सडा पडू लागला. मृग तोंडावर आला होता, आणि पावसाने झोडपलेले जांभूळ पाणचट होते. आजी रोज विचारायची, "पार्सल इला काय रे?" आणि 6 जूनला तिने विचारणे सोडून दिले. मुकाट्याने बरणी धुतली, उन्हात वाळवली आणि फळे कुस्करायला बसली. बोटे जांभळी झाली होती. मी म्हटले, "अगं, पण वास?" ती म्हणाली, "तू आसस मां."

मी आहे, पण माझ्या नाकाला काय कळते? मला दारू, शिरका आणि बुरशी सगळे 'आंबूस' या एकाच खात्यात जमा.

19 जूनला पार्सल आले. हायड्रोमीटरचे तीन तुकडे झाले होते, पट्ट्यांची डबी भिजली होती आणि यीस्ट नव्हतेच. एअरलॉक मात्र दोन्ही शाबूत. आम्ही तोवर रस गाळून फडकेही बांधले होते, त्यामुळे आता त्यांचा उपयोग शून्य.

मग तो फोन झाला. तिने विचारले, "सर, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?" व्हिडिओ नसेल तर पैसे परत नाहीत, असा नियम. माझा तोल गेला. राज्यशास्त्राच्या सरांनी मला 2020 सालचे ई-कॉमर्सचे नियम सांगून ठेवले होते : तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण एका महिन्यात. ते सगळे मी ओरडून म्हटले. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची धमकी दिली. मग कसा कोण जाणे, आजीचे नाक, गेल्या वर्षीची बरणी, सगळे बोलून गेलो. पलीकडे शांतता. मला वाटले, फोन कट झाला. मग अगदी खालच्या आवाजात, ते 'सर' गाळून, ती म्हणाली, "फडक्यावर चिलटं बसायला लागली ना, की समजायचं आंबट धरलं. त्यांना आपल्याआधी वास येतो. माझी आजी तेच बघायची." आणि लगेच मूळ आवाजात : "सर, मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

पैसे परत मिळाले नाहीत. नव्वद दिवसांत वापरायचे 1300 रुपयांचे कूपन मिळाले, त्याच दुकानाचे. पाठोपाठ संदेश आला : 'आमच्या प्रतिनिधीला पाचपैकी गुण द्या.' मी रागाने एक दिला. दुकानाला दिला, असे मला वाटले. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला कॉल सेंटरवर राबून आलेल्या माझ्या मित्राने नंतर सांगितले, की तो गुण फोन घेणाऱ्याच्या नावावर पडतो आणि असे चार-पाच पडले की त्या महिन्याचा बोनस जातो. मी धावत पायरीवर गेलो. 'आपण आधीच अभिप्राय दिला आहे. धन्यवाद.'

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बरणीच्या फडक्यावर बारीक तपकिरी चिलटे फिरू लागली. मी वाकून वास घेतला. नाकाला झिणझिणी आली, स्वच्छ आणि तीक्ष्ण. आजीने एक थेंब जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"तुका चिलटांचा कोणी सांगल्यान?" तिने विचारले.

"दुकानातल्या मुलीने."

"मगे तिका एक बाटली धाड."

मी पायरीवर गेलो आणि फोन लावला. सतार वाजली. बऱ्याच वेळाने एका पुरुषाचा आवाज आला, "नमस्कार सर, आपला तक्रार क्रमांक सांगता का?"