भीमाकाठची दैनंदिनी : गावकुसाच्या आतबाहेर

दिवस पहिला. हत्तरसंग कुडल

इंग्लंडातल्या एखाद्या दोनचारशे उंबऱ्यांच्या खेड्याचा इतिहास लिहायला बसलं, की कागद हाताशी असतो. गावात नांगर किती, गिरण्या किती, हे १०८६च्या डूम्सडे बुकात सापडतं. १५३८पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मे, लग्नं, दफनं टिपलेली. आपल्या खेड्याकडे अशी वही नाही, म्हणून त्याला इतिहासही नाही, असं आपण सहज धरून चालतो. चार्ल्स मेटकाफने १८३० साली या समजुतीला सिद्धान्ताचं रूप दिलं : राजवटी येतात नि जातात, पण हिंदुस्थानातलं खेडं आपल्यापुरतं प्रजासत्ताक आहे, ते तसंच राहतं. भीमेच्या काठाने चाललं की याच्या नेमकं उलट दिसतं. इथली गावं बाहेरच्यांच्या वर्दळीवर उभी राहिली. त्यांचं ‘आपल्यापुरतं’ असणं लांबून पाहणाऱ्याला भासलेलं आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या गावाशी सीना भीमेला मिळते. गावाच्या नावातला ‘कूडल’ हा संगमासाठीचा कानडी शब्द. आणि इथल्या संगमेश्वराच्या देवळातल्या शके ९४०च्या लेखाचा शेवट मात्र मराठी. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतला आद्य लेख हाच की अलिबागजवळच्या आक्षीचा, हा वाद चालू राहू दे. मला त्या ओळीचा आशय महत्त्वाचा वाटतो. हे वाचेल तो विजयी होईल, एवढंच ती सांगते. म्हणजे लिहिणाऱ्याने वाचणारा येणार हे गृहीत धरलं होतं, आणि कानडी नावाच्या गावात तो मराठी वाचेल हेही. आवारातल्या लिंगावर ओळीवर ओळ अशी साडेतीनशेहून अधिक शिवमुखं कोरली आहेत, हे काम एका गावाच्या पोटापाण्यातून होणारं नव्हे. कुणी म्हणेल, हे क्षेत्र, साधं खेडं नाही. आक्षेप रास्त आहे. पण या नदीवर क्षेत्र, उतार, बाजार असलं काहीच नसलेलं गाव शोधायला गेलं तर बरंच हिंडावं लागेल.

दिवस दुसरा. बेगमपूर, माचणूर

इथे मेटकाफ जिंकल्यासारखा वाटतो. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. गावाचं नाव इस्लामपुरी झालं, शेजारी माचणूरला किल्ला उभा राहिला. बादशहा गेला आणि ब्रह्मपुरी पुन्हा ब्रह्मपुरी झाली. सिद्धेश्वराचं देऊळही नांदतं आहे. पण पैलतीरावर बादशहाच्या घरातल्या स्त्रीची कबर आहे, तिच्यावरून पडलेलं बेगमपूर हे नाव मात्र कुणी पुसलं नाही. एकाच छावणीने दिलेल्या दोन नावांपैकी काठावरच्या लोकांनी एक टाकलं, एक ठेवलं. न बदलणारं गाव अशी निवड करत बसत नाही.

दिवस तिसरा. मंगळवेढा

आता माझ्याच म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप. गाव इतकं मोकळं होतं, तर गावकूस कशाला? आणि कुसाबाहेर माणसं कोण ठेवली? चोखोबा १३३८ साली याच गावाचं कूस बांधताना, भिंत अंगावर कोसळून गेले. ज्यांना भिंतीच्या आत घर बांधायची मुभा नव्हती, त्यांनाच भिंत रचायला वेठीला धरलं होतं. परंपरा सांगते की अस्थी गोळा करायला नामदेव पंढरपुराहून आले. म्हणजे मोकळेपणाचं माझं चित्र अर्धंच खरं. वेशीतून व्यापारी, फौज, यात्रेकरू आत येत. गावच्याच माणसाला ती बंद. मेटकाफच्या प्रजासत्ताकात हे कूस दिसत नाही, आणि त्याच्यावर विसंबून खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांनाही ते दिसलं नाही. त्रिं. ना. आत्र्यांनी १९१५च्या ‘गावगाड्या’त ते डोळसपणे मांडलं : वतन, बलुतं, मानपान यांनी गाव कसं आतून जखडलं. त्यांनी फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, पण गावावरचं ओझं म्हणून. तिथे मी त्यांच्याशी सहमत नाही. गाव ज्यांना ओझं म्हणतं, त्यांच्याकडून ते काय काय घेतं, याची नोंद कुठल्याच खतावणीत होत नाही.

धान्याची गोष्टही हीच. इथला शाळू भेगाळणाऱ्या काळ्या रानात साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पोसतो. कोवळं कणीस आगटीत भाजून तळहातावर चोळलं की हिरवट हुरडा हातात उरतो, ती चव गावाची खरी. पण दाण्याइतकाच कडबाही मोलाचा, आणि पेंढ्यांच्या गाड्या बाहेर जायच्याच. गावरान मालदांडीतून निवडलेलं ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्राचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही बाहेरच्या बाजारात तिची ओळख टिकावी म्हणूनच. दामाजीपंतांच्या कथेतही दुष्काळात कोठारं उघडली, तरी हिशेब चुकवायला विठू महाराला बीदरला जावं लागतं. कथा रचणाऱ्यांनीही गावाला गावाबाहेरूनच वाचवलं, तेही कुसाबाहेरच्याचं रूप देवाला देऊन.

उद्या पंढरपूर. चोखोबांच्या अस्थी तिथे महाद्वाराशी आहेत, बाहेरच्या बाजूला. ते दार त्यांच्या माणसांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.