सगळ्याईलेच होते!

आमच्या नागपुराकडे पोटदुखीवर एक फार जुने औषध आहे. ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. पोरीने पाळीच्या दिवसांत पोट धरून बसावे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने म्हणावे, "सगळ्याईलेच होते व, त्याचं का घेऊन बसली!" सोबत चिमूटभर ओवा, फार झाले तर गरम पाण्याची बाटली. या औषधाने दुखणे थांबते की नाही कुणास ठाऊक. बोलणे मात्र हमखास थांबते.

वार्षिकांकात असला विषय शोभतो का, असे दोघी मैत्रिणींनी मला विचारले. पावसावर लिही, आजीवर लिही, म्हणाल्या. पण ताई म्हणाली, "लिही," म्हणून लिहिते आहे.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आठवीत असल्यापासून महिन्याचे दोन-तीन दिवस ती अंथरुणातून उठत नसे. दहावीच्या परीक्षेत नेमके तेच दिवस आले, दोन पेपर बुडाले आणि शाळा सुटली ती सुटलीच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली म्हणून नातेवाईक माझे कौतुक करतात, तेव्हा मला ते दोन पेपर आठवतात. वस्तीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढे एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली, ती 'नॉर्मल' निघाली. मग सर्वांनी मिळून लग्न हा उपाय ठरवला. लग्नाने दुखणे गेले नाही. मूल होत नाही, हे दुसरे दुखणे तेवढे पदरात पडले. सव्विसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पोट तपासले, तेव्हा कुठे रोगाला नाव मिळाले: एन्डोमेट्रिऑसिस. नाव मिळायला बारा वर्षे लागली! आणि रोग काही दुर्मीळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना, म्हणजे पाळीच्या वयातल्या दर दहांपैकी एकीला, तो आहे.

आई ब्लाउज शिवते. त्यामुळे गर्भाशयाला आतून अस्तर असते हे तिला समजावायला मला वेळ लागला नाही. ते अस्तर दर महिन्याला तयार होते आणि गर्भ राहिला नाही की पाळीत गळून जाते. या रोगात त्या अस्तरासारखी ठिगळे भलत्याच ठिकाणी लागतात. बीजांडकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर. हार्मोन्सचा हुकूम तीही पाळतात, पण तिथल्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात, बीजांडकोशात जुन्या रक्ताच्या गाठी होतात. डॉक्टर त्यांना 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. (हे नाव ज्याला सुचले त्याला पाळी येत नसावी!) लहान ठिगळे साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. ताईचा 'नॉर्मल' कागद आईने अजून ट्रंकेत जपून ठेवला आहे.

पण ठिगळे तिथे पोचतात कशी? मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीला सुटले. तरी शब्दकोश शेजारी घेऊन ग्रंथालयात बसले आणि जे कळले त्याने थक्क झाले. अमेरिकेतील ऑल्बनीचे डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली असे मांडले, की पाळीचे थोडे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या अस्तराच्या पेशी तिथे रुजतात. पुढे १९८४ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले, की बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या शंभरांतल्या सुमारे नव्वद जणींच्या पोटात पाळीच्या सुमारास असे रक्त सापडते. शंभरांत नव्वद, म्हणजे आईच्या भाषेत सगळ्याईलेच! आणि रोग मात्र दहांतल्या एकीला. मग तिच्यातच असे काय वेगळे आहे? आमच्या घरात ज्या वाक्याला बोलणे संपत असे, तिथूनच हे संशोधक बोलायला लागतात.

उत्तर अजून पुरते सापडलेले नाही. काहींचे लक्ष रोगप्रतिकारशक्तीवर आहे: चुकीच्या जागी आलेल्या पेशी साफ करण्यात ती कुठे कमी पडते? जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांना (मी घाईत 'नागपूर' वाचले होते!) २०२३ साली रोगी स्त्रियांपैकी ६४ टक्के जणींच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम नावाचे जंतू आढळले, रोग नसलेल्यांत दहा टक्क्यांहूनही कमी. उंदरांना प्रतिजैविके दिल्यावर ठिगळे कमी झाली. बायकांचे काय होईल, ते अजून ठरायचे आहे.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या पुढाकाराने जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६०,६७४ रोगी स्त्रिया आणि तुलनेसाठी सात लाखांहून अधिक इतर होत्या. जनुकसंचातल्या ४२ जागांचा या रोगाशी संबंध दिसला, आणि त्यांतल्या काहींचा अर्धशिशी, पाठदुखी यांसारख्या दुखण्यांशीही. म्हणजे ताई सोंग करीत नव्हती. पण या सर्व जणी युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. इतकी मोठी मोजणी, आणि तीत आपण नाही, हे मला लागले.

पुढे वाचले ते आपल्याच मुंबईचे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेने हे काम भारतात हाती घेतले आहे. निरनिराळ्या प्रांतांतल्या २,००० रोगी आणि २,००० रोग नसलेल्या स्त्रियांची माहिती आणि रक्ताचे नमुने गोळा करायचे, असा त्यांचा संकल्प. प्रमुख आहेत डॉ. राहुल गजभिये. हे आडनाव आमच्याकडे गल्लोगल्ली ऐकू येते. ते इंग्रजी शोधनिबंधावर छापलेले पाहून उगीचच बरे वाटले.

हे सारे मी एका रात्री आईला सांगितले. ती काज करीत बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ज्याईले नाही झालं, त्याईचंही रक्त घेते म्हणतं ना? मग माझं घ्या म्हणा."

त्या बायकाही दवाखान्यात आलेल्यांतूनच निवडतात, असे मी तिला सांगितले. तिला ते फारसे पटले नाही.