गोष्ट आधी नीरेची, मग पृथ्वीची

खंडाळा (जि. सातारा),
20 जून 2025

प्रिय धाकटीस,


चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट शब्द सांगतात, निम्मी चित्रं. अक्षरओळख नसलेलं तीन-चार वर्षांचं मूल चित्राची बाजू स्वतः वाचतं, शब्दांची बाजू मोठ्या माणसाकडून ऐकतं आणि दोन्ही ताडून पाहतं. म्हणून असं पुस्तक एकट्याने वाचायचं नसतं. मांडीवर किंवा सतरंजीवर ठेवून, पाचसहा डोकी एका पानावर वाकली की ते खरं उघडतं. 1658 साली कोमेनियसने ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांसाठीचं सचित्र पुस्तक काढलं, तेव्हापासून जगाची ओळख चित्रांतून करून देण्याची रीत चालत आली आहे. मराठीत ती उशिरा रुजली. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं शाळांच्या पेट्यांमधून गावोगाव गेली. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी मराठी घर आणि घरातलं मराठी बोलणं पानांवर आणलं. 2015 पासून प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं फुकट मिळू लागली. पाणी, कचरा, जंगल, वाढती उष्णता हे विषय या पुस्तकांत अलीकडे वरचेवर दिसतात. तुझ्या बालवाडीत आलेला गठ्ठा त्यातलाच. तो कपाटात घालून कुलूप लावल्याचं तुझं पत्र आलं आणि इथे दुसरं काही सुचेना.

हवामानातला बदल चित्रात पकडायला अवघड, कारण तो एका दिवसात दिसत नाही. आजचा पाऊस, उद्याचं ऊन हे रोजचं. साधारण तीस वर्षांची सरासरी काढली, की मगच एखाद्या प्रदेशाचं हवामान कसं आहे आणि ते सरकतंय का, हे सांगता येतं. पाच वर्षांच्या मुलाला मागचा उन्हाळासुद्धा पुसटच आठवतो. त्याच्या दृष्टीने यंदाचा पाऊस हाच पावसाचा नियम. 2025 साली मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला. फलटण-बारामतीच्या कोरड्या पट्ट्यात मे महिन्यातच ओढ्यांना पूर आले. मोठी माणसं चकित झाली. पण पाऊस पहिल्यांदाच नीट पाहणाऱ्या मुलाला त्यात वेगळं काय दिसणार? ज्या आजीने आयुष्यभर मृगावर पेरण्या केल्या, तिच्या शेजारी बसल्याशिवाय त्याला ते कळणारच नाही. या विषयावरचं निम्मं पुस्तक आजीच्या तोंडात आहे. आई सांगायची ती पावसाची नक्षत्रं आठवत असतील तर हे तुला वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण कारणाची. कोळसा, पेट्रोल, डिझेल जळताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता, आता 420 च्या वर आहे. हे आकडे मोठ्यांनी जवळ ठेवावेत. लहानग्यांना इतकं पुरतं, की पृथ्वीने हवेची वाकळ पांघरली आहे. ती नसती तर सगळं गारठून गेलं असतं, पण आता ती जाड होत चालली आहे आणि आत उकडू लागलं आहे. शास्त्र याहून खोल आहे, तरी हे चित्र खोटं नाही. सातवी-आठवीत ते पुसून टाकावं लागत नाही. लहानपणी दिलेलं चित्र पुढे वाढवता यावं, खोडावं लागू नये, ही कसोटी प्रत्येक पानाला लावायला हवी. ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून उकडतं, असं सांगणारे तक्ते अजून भिंतींवर आहेत. तुझ्या वर्गात असला तर आजच उतरव.

या विषयाची पुस्तकं वेगवेगळ्या वाटांनी जातात. काही पुस्तकं हवामानाचं नावही घेत नाहीत. एरिक कार्लचं 1969 मधलं खादाड सुरवंटाचं पुस्तक तसं आहे: अंडं, भूक, कोष, फुलपाखरू. पाया तिथेच घातला जातो, कारण ज्याची ओळख नाही त्याची काळजी कोण करणार. काही पुस्तकं इशारा देतात. डॉ. स्यूस यांच्या ‘द लोरॅक्स’मध्ये (1971) सगळी झाडं तोडून झाल्यावर शेवटचं बी एका मुलाच्या हाती येतं. काही पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. ग्रेटा थुनबर्ग 2018 साली स्वीडनच्या संसदेबाहेर बसली, त्यानंतर अशी बरीच निघाली.

सर्वांत मोलाची पुस्तकं मात्र एकाच जागेवर नजर रोखून बसतात. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या जीनी बेकर यांचं ‘विंडो’ (1991) हे त्यांतलं उत्तम. त्यात एक शब्दही नाही. खिडकीशी आई तान्ह्या बाळाला घेऊन उभी आहे, बाहेर दाट झाडी. पान उलटलं की मूल थोडं मोठं झालेलं, झाडी थोडी कमी. मग रस्ता येतो, घरं येतात, जाहिरातींचे फलक येतात. शेवटी तोच मुलगा बाप होऊन आपलं बाळ घेऊन दुसऱ्या खिडकीत उभा राहतो. पुस्तक शहर वाढण्याचं आहे, तापमानाचं नाही. पण लहान मुलाला एरवी दिसूच शकत नाही असा सावकाश होत जाणारा बदल इथे त्याच्या बोटांखाली पानापानाने उलगडतो. मूल मागे जातं, पुढे येतं, ‘हे झाड कुठं गेलं?’ विचारतं. कुणाला काही शिकवावं लागत नाही.

आणखी एका जातीची पुस्तकं असतात, त्यांना बालवाडीत जागा देऊ नये: तोंडात थर्मामीटर घेऊन रडणारी पृथ्वी, मागे ज्वाळा, खाली ‘मला वाचवा’. तुझ्या गठ्ठ्यात नेमकं हेच वर होतं.

भीतीचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर विचार झालेला आहे. डेव्हिड सोबेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1996 मध्ये मांडलं, की निसर्गाशी मैत्री होण्याआधीच त्याच्या मरणाच्या बातम्या कानी आल्या तर मूल त्याच्यापासून लांब जातं. साधारण चौथीपर्यंत शोकांतिका नकोत. 2021 साली भारतासह दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली. त्यांतल्या 59 टक्क्यांना हवामान बदलाची तीव्र चिंता होती, आणि 45 टक्के म्हणाले की त्याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. ही तरुण मंडळी, चार वर्षांची पोरं नव्हेत; पण काळजीची सवय कुठल्या वयात लागते, याचा विचार करायलाच हवा. म्हणून ते वरचं पुस्तक ऐकून तुझ्या वर्गातली एक मुलगी रात्रभर आईला बिलगून राहिली असं तू लिहिलंस, यात नवल नाही. तिला भीती विषयाची वाटली नाही. जळत्या गोलावर पुस्तक संपलं आणि पुढे कुणीच काही करताना दिसलं नाही, त्याची वाटली.

पण त्यावरचा उपाय कपाट नव्हे. ‘पाचवीपर्यंत या विषयाचं नाव नको,’ असं तू लिहितेस, आणि तेही सांगलीतून! आयर्विन पुलाशी नदीचं पाणी 40 फुटांना आलं की इशारा आणि 45 फुटांना धोका, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं. तुझ्या वर्गातल्या मुलांनी ते पाहिलं नसेल, पण भिंतीवरची ओल पाहिली आहे, घरातली कुजबुज ऐकली आहे. साताऱ्या-सांगलीच्या मुलाला हवामानापासून लपवता येत नाही. मोठी माणसं गप्प बसली, की तेवढी जागा त्याची स्वतःची भीती भरून काढते. चांगलं पुस्तक त्या भीतीला आकार देतं, सुरुवात देतं, आणि सोबत देतं. सोबेल यांचं म्हणणं त्या मुलांना जसंच्या तसं लागू होतं, ज्यांच्यासाठी पूर ही दूरची बातमी आहे. ज्यांच्या दारात तो येऊन गेला, त्यांचं काय?

त्याच वेळी प्रत्येक पूर हवामान बदलाच्या खात्यावर मांडणं हेही चूक. 2019 च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर नदीच्या पात्रातल्या अतिक्रमणांकडेही बोट दाखवलं होतं. उबदार हवा जास्त वाफ धरते आणि त्यामुळे मोठे पाऊस अधिक मोठे होतात, हे खरं; 22-23 जुलै 2021 ला महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला. पण नदीच्या अंगावर घरं आपण बांधली, हेही त्याच चित्रात हवं. लहान मुलांना ही दोन कारणं एका पानावर सहज दाखवता येतात. मोठ्यांनाच ती एकत्र बघणं जड जातं.

सगळ्यात मोठी उणीव आहे ती आपल्या मुलखाची. मराठीत येणाऱ्या या विषयाच्या पुस्तकांत बर्फाचा तुकडा आणि त्यावरचं अस्वल हटकून असतं. आपली नीरा नदी नसते, खंबाटकीचा घाट नसतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. एका ढगाने महाबळेश्वरहून म्हसवडला जायला निघावं, वाटेत रिकामं होत जावं, यापेक्षा चांगली गोष्ट कुठे शोधायची? आधी हे नेहमीचं कळू दे, मग ते बिघडतंय कसं हे सांगता येईल. लोणंदच्या बाजारातला कांदा, अवकाळीने चाळीत सडलेला कांदा. पावशाची हाक आणि ती ऐकून आभाळाकडे बघणारा शेतकरी. शिरवळला शेतांच्या जागी उभे राहिलेले कारखाने. येत्या आठवड्यात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येईल, तेव्हा दर आषाढात त्याच काठावर दिसणारं कमी-जास्त पाणी. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं: बेडूक, कोल्हा, मोर, हत्ती, म्हैस. ते शास्त्र नाही, पण चित्रांतून पाऊस सांगायची आपली जुनी पद्धत आहे, आणि पोरांना ती तोंडपाठ होते. या तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई शाळाशाळांच्या भिंतींवर आहेत. त्यांच्या नायगावचं शिवार मात्र कुठल्या चित्रपुस्तकात सापडत नाही. दर तालुक्याचं एक चित्रपुस्तक असावं. त्यात एकच जागा असावी, आजीच्या लहानपणी, आईच्या लहानपणी आणि आज. हे काम मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाची वाट बघत ठेवायचं नाही. शेजारच्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली, मुलांना गोष्टींतून वाचनाकडे नेलं. मग खंडाळा, वाई, मिरज यांनी हात बांधून का बसावं? कागद, रंग आणि एक सांगणारी म्हातारी एवढं तर प्रत्येक गावात आहे.

वाचायची पद्धतही पुस्तकाइतकीच महत्त्वाची. पहिल्या वेळी शब्द सोडून द्यावेत, मुलांनी चित्रातच फिरावं. ‘इथं काय चाललंय?’ एवढा एक प्रश्न पुरतो. मूल भीतीचं काही बोललं तर त्याला लगेच गप्प करू नये, लगेच धीरही देऊ नये; आधी ऐकावं. नंतर बाहेर पडावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात शाळा अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर ती कुरणात नेली. पानावर पाहिलेलं झाड त्याच दिवशी हाताला लागलं, तर ते पुस्तक त्या मुलाचं होतं.

शेवटचं पान कृतीचं असावं, पण मुलाच्या हाताला पेलेल अशा कृतीचं. नळ बंद केलास की पृथ्वी वाचेल, असं सांगणं फसवणूक आहे. नळ उघडा राहिला की मूल बिचारं स्वतःला दोषी मानतं, आणि धूर सोडणारे मोकळे राहतात. त्याऐवजी मोठी माणसं एकत्र काम करताना दाखवावीत. 2016 च्या वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. सगळं गाव कुदळ-घमेली घेऊन डोंगरउतारावर उतरलं होतं. त्यात एखादं लहान मूल पाण्याचा तांब्या घेऊन उभं दाखवलं तर ते खोटं ठरणार नाही, आणि ‘हे बघणारी माणसं आहेत’ एवढा दिलासा त्याला मिळेल.

तेव्हा गठ्ठा बाहेर काढ. रडणाऱ्या पृथ्वीची पुस्तकं वेगळी कर, बाकीची सतरंजीवर ठेव. त्या मुलीच्या आईला बोलाव आणि तिघी मिळून एक पुस्तक पुन्हा वाचा. तिला तशीच सोडू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत भिलारला जाऊ. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, तिथे बालसाहित्यासाठी वेगळं घर आहे. कुठली चित्रं आपल्या मुलांना चालतील ते तिथे निवांत बसून बघता येईल. आणि जुलै तोंडावर आला आहे. मागच्या वेळी तू पुस्तकं वर ठेवत बसलीस आणि पाणी उंबऱ्याशी येईतो हलली नाहीस. आईला ते अजून सांगितलेलं नाही. यंदा 40 फुटांची बातमी आली की मुलांना घरी पोचवून सरळ इकडे निघून ये. रक्तदाबाच्या गोळ्या विसरू नकोस.

तुझी,
ताई