घरगुती कारणास्तव

दिवाळीत पाचोऱ्याला गेले होते. आत्याला मोबाईलवर लेकीचे फोटो दाखवत होते. पुण्यात नोकरीचा पहिला दिवस, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर भाव असे की कंपनी जणू हिच्याच नावावर आहे! आत्याने मात्र लेकीकडे फारसं पाहिलंच नाही. तिच्यामागे भिंतीवर एक फलक होता, तो मोठा करून वाचत बसली. अंतर्गत समिती, अध्यक्षांचं नाव, फोन नंबर. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास इथे तक्रार करावी.

दोनदा वाचून तिने चष्मा काढला. "हे कधीपासून आहे गं?"

"कायदा २०१३ चा. त्याआधी कोर्टाने नियम घालून दिले होते, १९९७ पासून."

"हं," म्हणाली आणि भरताची वांगी भाजायला उठून गेली.

आत्याने तीन वर्षं नोकरी केली होती. १९७८ साली जळगावच्या एका कचेरीत लागली. पाचोऱ्याहून रोज पॅसेंजरने अप-डाऊन. माहेजी, म्हसावद, शिरसोली ही स्टेशनं ती अजून पाढ्यासारखी म्हणते. १९८१ मध्ये नोकरी सोडली. 'अप-डाऊन झेपेना' असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने पहिल्यांदा सांगितलं की गाडी झेपत होती, साहेब झेपत नव्हता. फाईल घेऊन आत बोलवायचा आणि दार लोटून घ्यायचा. आजीला सांगितलं, तर आजी म्हणाली, "नोकरी सोड, पण कोर्टकचेरीची पायरी आपल्याले नको माय." राजीनाम्यात कारण लिहिलं, 'घरगुती कारणास्तव'.

घरी परतल्यावर चैन पडेना. हे १९९७ चे नियम आले कुठून, ते वाचत बसले. विशाखा निकाल हे नाव ऐकलेलं होतं, पण त्यावर सह्या कोणाच्या, हे कधी पाहिलं नव्हतं. तीन न्यायमूर्ती होते. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, बी. एन. किरपाल आणि सुजाता मनोहर.

सुजाता मनोहर म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. नेमणूक १९७८ ची. आत्या नोकरीला लागली तेच वर्ष!

खरं सांगते, पुढे वाचल्यावर आधी थोडा हिरमोडच झाला. जन्म १९३४ चा, माहेरच्या देसाई. वडील के. टी. देसाई गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झालेले. शिक्षण एल्फिन्स्टनमध्ये, मग ऑक्सफर्डला, मग लंडनहून बॅरिस्टर. १९५८ पासून मुंबईत वकिली. मनात आलं, अशा घरातल्या बाईचं आणि आमच्या पॅसेंजरमधल्या आत्याचं काय नातं?

पण मग वर्षं मोजली. मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२ मध्ये. बायकांना वकिलीची वाट मोकळी झाली १९२३ च्या कायद्याने. मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, त्याच सुमारास मुंबईत वकिली करू लागल्या. तिथून न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत एका बाईला पोचायला आणखी ५५ वर्षं. केरळात ॲना चंडी १९५९ मध्येच हायकोर्टाच्या न्यायाधीश झाल्या होत्या. आपल्या पुरोगामी महाराष्ट्राला त्यानंतर १९ वर्षं लागली. ऑक्सफर्ड, बॅरिस्टरकी, मुख्य न्यायाधीश वडील आणि वीस वर्षांची वकिली, एवढं सगळं असलेली बाई जिथे पहिली ठरते, तिथे आत्याने कोणाच्या भरवशावर तक्रार करायची होती? माझा हिरमोड तिथेच संपला.

१९९४ हे त्यांचं विलक्षण वर्ष. जानेवारीत मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश, काही महिन्यांत केरळच्या मुख्य न्यायाधीश आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात. (मुंबईला दुसऱ्या महिला मुख्य न्यायाधीश, मंजुळा चेल्लूर, मिळाल्या त्या थेट २०१६ मध्ये.) सुप्रीम कोर्टात त्यांच्याआधी फक्त फातिमा बीवी होत्या, त्या १९९२ मध्ये निवृत्त झालेल्या. म्हणजे १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत जवळजवळ पाच वर्षं त्या न्यायालयात सुजाता मनोहर या एकट्याच बाई न्यायाधीश.

विशाखा निकाल वर्मांनी लिहिला, तेव्हा सगळं श्रेय मनोहरांच्या पदरात टाकायचं नाही. त्याहून मोठं देणं आहे भंवरीदेवींचं. राजस्थानातल्या भटेरी गावच्या 'साथिन'. सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह अडवायला गेल्या आणि त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्यानंतर विशाखा वगैरे संस्थांची याचिका १३ ऑगस्ट १९९७ ला निकाली निघाली. संसद कायदा करेपर्यंत हेच नियम कायदा म्हणून पाळायचे, असं कोर्टाने सांगितलं. तक्रार समितीची प्रमुख बाई हवी, निम्म्या तरी बायका हव्यात आणि बाहेरचा एक माणूस हवा. संसदेला मग १६ वर्षं लागली. देशातल्या बायकांना फलक मिळाला, भंवरीदेवींची स्वतःची लढाई मात्र अडकलेलीच राहिली. हे वाचताना घशाशी येतं.

असो. परवा आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. बाई जज झाल्याची बातमी तिला आठवत होती. आजोबांनी पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली होती म्हणे, आणि वर म्हणाले होते, "बघ, बाया कुठे पोचल्या!"

मग जरा थांबून तिने विचारलं, "तुझ्या लेकीच्या तिथे ती अध्यक्ष आहे, ती बाईच आहे ना?"

"हो आत्या. नियमच आहे तसा."

"तिचा नंबर पोरीच्या मोबाईलमध्ये आहे का, ते विचारून घे," म्हणाली. मी विचारलं. नव्हता. काल तिने टाकून घेतला.